तबेल्यातला घोडा आजारी पडला, तर गावातलं मैदान का बंद होतं?

ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथ या गावाने आपल्या सार्वजनिक बागा आणि मैदानं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बंद ठेवायचं ठरवलं. या निर्णयामागे होता एक आजारी घोडा. गावातल्या त्या घोड्याला 'ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस' हा मेंदूचा आजार झाल्याचं निष्पन्न झालं होतं. तिकडे या आजाराला थोडक्यात 'ट्रिपल ई' म्हणतात.

बातमी आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवरही फिरली. ज्यांची मुलं-सुना बोस्टनच्या आसपास राहतात, त्यांनी साहजिकच विचारायला सुरुवात केली. "डॉक्टर, घोड्यापासून हा रोग माणसाला होतो का?" "आम्ही पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणार आहोत, लस घ्यायची का?" आणि एक प्रश्न जरा वैतागून विचारलेला: "वर्षाला मूठभर लोकांना होणाऱ्या आजारासाठी सगळं गाव बंद करायचं, हे जास्तच नाही का झालं?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. घोड्यापासून माणसाला हा आजार होत नाही, आणि माणसांसाठी लस उपलब्ध नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा सविस्तर द्यावं लागेल. त्यासाठी आधी हा आजार नीट समजून घेऊ.

2024 मध्ये नेमकं काय घडलं?

16 ऑगस्ट 2024 रोजी मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं, की वुस्टर परगण्यात ऐंशीच्या घरातल्या एका पुरुषाला ट्रिपल ईची लागण झाली आहे. 2020 नंतर त्या राज्यात माणसाला झालेली ही पहिलीच लागण होती. त्यानंतर ऑक्सफर्ड, सटन, वेबस्टर आणि डग्लस या चार गावांतला धोका सर्वांत वरच्या पातळीवर नेण्यात आला. या गावांनी रहिवाशांना सुचवलं, की सप्टेंबरअखेरपर्यंत बाहेरचे सगळे कार्यक्रम संध्याकाळी 6 पर्यंत आटोपा आणि 1 ऑक्टोबरपासून 5 पर्यंत. हे कधीपर्यंत पाळायचं? तर जमिनीवरचं दव गोठवणारी पहिली कडक थंडी पडेपर्यंत.

ऑगस्टच्या शेवटी शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात या आजाराने एक मृत्यू झाला. तिथे माणसाला लागण होण्याची ही दहा वर्षांतली पहिलीच वेळ होती. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर परगण्यात एक रुग्ण दगावला आणि तिथल्या गव्हर्नरांनी हा आजार सार्वजनिक आरोग्यासाठी तातडीचा धोका असल्याचं जाहीर केलं.

आकडे पाहिले तर रुग्ण बोटांवर मोजण्याइतके आहेत. तरीही सरकारी यंत्रणा एवढी का हलली, हे आजाराचा स्वभाव कळल्याशिवाय समजणार नाही.

नाव घोड्याचं, पण घर पक्ष्यांचं

'इक्वाइन' म्हणजे घोड्याशी संबंधित. 'एन्सेफलायटिस' म्हणजे मेंदूला येणारी सूज, ज्याला आपण मेंदूज्वर म्हणतो. नाव ऐकून वाटतं, की हा व्हायरस घोड्यांमध्ये राहतो आणि तिथून माणसांत येतो. प्रत्यक्षात तसं नाही. घोड्याचं नाव मिळालं कारण आजार आधी घोड्यांमध्ये दिसला. 1831 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याकडच्या भागात 75 घोडे मेंदूच्या गूढ आजाराने मेल्याची नोंद आहे. तो ट्रिपल ईच असावा असं मानलं जातं. पुढे 1933 मध्ये अशाच आजाराने मेलेल्या घोड्यांच्या मेंदूतून हा व्हायरस वेगळा करण्यात आला. 1938 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये आधी घोडे आजारी पडू लागले आणि मग माणसं, त्यातही मुख्यतः मुलं. तीसहून अधिक जणांना लागण झाली आणि त्यातले बहुतेक दगावले. घोड्यांचा हा व्हायरस माणसालाही मारतो, हे तेव्हा सिद्ध झालं.

व्हायरसचं खरं घर आहे दलदलीतले पक्षी. अमेरिकेच्या पूर्व भागात मेपल आणि सीडरची झाडं असलेल्या गोड्या पाण्याच्या दलदली आहेत. तिथे झाडांच्या मुळांखाली पाण्याने भरलेल्या कपारी असतात. त्या कपारींत 'क्युलिसेटा मेलान्युरा' नावाच्या डासाच्या अळ्या वाढतात. हा डास जवळजवळ फक्त पक्ष्यांचंच रक्त पितो. डास पक्ष्याला चावतो, पक्ष्याच्या रक्तात व्हायरस भरपूर वाढतो, दुसरा डास त्याच पक्ष्याला चावतो आणि पुढच्या पक्ष्याकडे व्हायरस नेतो. उन्हाळाभर हे चक्र दलदलीत फिरत राहतं.

हे चक्र दलदलीतच राहिलं तर आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. अडचण येते ती डासांच्या दुसऱ्या जातींमुळे. काही डास पक्ष्यांनाही चावतात आणि जनावरांना, माणसांनाही. पक्ष्यांमध्ये व्हायरस फार वाढला की हे डास तो दलदलीबाहेर आणतात. त्यांना 'पूल डास' म्हणता येईल, कारण दलदल आणि वस्ती यांच्यामधला पूल तेच बांधतात. मॅसॅच्युसेट्समध्ये हे जास्त करून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घडतं.

घोडा आजार देत नाही, खबर देतो

पूल डास चावला की घोड्याला साधारण एक-दोन आठवड्यांत त्रास सुरू होतो. ताप येतो, तो खाणं सोडतो, मान खाली घालून मलूल उभा राहतो. मग चाल लटपटते, तो एकाच दिशेने गोल गोल फिरतो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो. दिसेनासं होतं, झटके येतात, शेवटी तो पडतो आणि उठू शकत नाही. लक्षणं सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. लस न दिलेल्या घोड्यांमध्ये आजार झाला, तर दहातले सात ते नऊ घोडे मरतात.

पण एवढा आजारी असूनही घोड्याच्या रक्तात व्हायरसचं प्रमाण कमीच राहतं. त्यामुळे त्याला चावलेल्या डासाला पुढे नेण्याइतका व्हायरस मिळत नाही. माणसाचंही तसंच. वैद्यकीय भाषेत अशा प्राण्याला 'डेड एंड होस्ट' म्हणतात. म्हणजे व्हायरसच्या दृष्टीने हा रस्ता पुढे बंद. म्हणून आजारी घोड्याजवळ गेल्याने, त्याला खरारा केल्याने किंवा पाणी पाजल्याने तुम्हाला ट्रिपल ई होत नाही. घरातल्या रुग्णाची शुश्रूषा केल्यानेही होत नाही. मेलेल्या घोड्याच्या मेंदूची तपासणी करणाऱ्या पशुवैद्यकांना मात्र काळजी घ्यावी लागते, कारण त्यांचा थेट मेंदूशी संबंध येतो.

मग घोडा आजारी पडला म्हणून मैदान का बंद करायचं? कारण घोड्याला चावलेला डास त्याच गावात आहे. घोडा दिवसरात्र उघड्यावर असतो, अंगावर कपडे नाहीत, डास मारायला हात नाहीत. एका घोड्याला लागण झाली याचा अर्थ व्हायरस दलदलीतून बाहेर पडून वस्तीपर्यंत आला आहे. उद्या तोच डास संध्याकाळच्या मॅचला उभ्या असलेल्या मुलाला चावू शकतो.

इथे एक विचित्र पेच आहे. घोड्यांसाठी लस आहे आणि सुजाण मालक ती दरवर्षी वसंत ऋतूत देतात. पण लस दिलेला घोडा सहसा आजारी पडत नाही, म्हणजे तो खबरही देत नाही. मालक जितके जागरूक, तितकी ही धोक्याची घंटा मुकी. त्यामुळे "आमच्या भागात एकही घोडा आजारी नाही, म्हणजे धोका नाही" असं म्हणता येत नाही. शिवाय घोडा आजारी दिसेपर्यंत व्हायरस येऊन आठवडा-दोन आठवडे झालेले असतात. म्हणून मॅसॅच्युसेट्ससारखी राज्यं फक्त घोड्यांवर अवलंबून राहत नाहीत. ठिकठिकाणी सापळे लावून डास पकडले जातात, प्रयोगशाळेत तपासले जातात आणि त्यावरून गावागावाची धोक्याची पातळी ठरते. डासांची तपासणी ही पहिली घंटा आणि घोडा ही दुसरी. माणूस आजारी पडला, तर ती घंटा राहत नाही, नुकसान झालेलं असतं.

घोड्यांचे सगळे मेंदूज्वर सारखे नाहीत

हा मुद्दा मुद्दाम सांगतो, कारण बातम्यांत नावांची गल्लत होते. डासांमुळे घोड्यांना होणारे मेंदूचे आजार अनेक आहेत.

- ईस्टर्न, म्हणजे आपण बोलतोय तो ट्रिपल ई. दुर्मीळ आणि यांत सर्वांत घातक.
- वेस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस. 1930 मध्ये कॅलिफोर्नियातल्या घोड्यांमध्ये हा व्हायरस सापडला. अमेरिकेत तो आता जवळजवळ दिसत नाही. पण 2023 च्या अखेरीस अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये तो घोड्यांत मोठ्या प्रमाणावर पसरला आणि अर्जेंटिनात वीसहून अधिक वर्षांनी माणसांमध्येही आढळला.
- व्हेनेझुएलन इक्वाइन एन्सेफलायटिस. इथे गणित उलटं आहे. साथीच्या काळात या व्हायरसचं प्रमाण घोड्याच्या रक्तात खूप वाढतं, डास घोड्यापासूनच तो उचलतात आणि माणसांना देतात. 1971 मध्ये ही साथ मध्य अमेरिकेतून टेक्ससपर्यंत पोचली, तेव्हा लाखो घोड्यांना लस देऊन ती रोखण्यात आली. घोडे वाचवले म्हणजे माणसंही वाचली.
- वेस्ट नाइल. हा 1999 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा आला आणि नंतर अमेरिकाभर पसरला. तोही पक्ष्यांचाच व्हायरस आहे. 2024 च्या त्याच ऑगस्टमध्ये डॉ. अँथनी फाउची यांना वेस्ट नाइलमुळे रुग्णालयात राहावं लागलं होतं. ही बातमी आणि ट्रिपल ईची बातमी एकाच वेळी आल्याने अनेकांना दोन्ही एकच वाटले. ते वेगळे आहेत.

यातला फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. व्हेनेझुएलन आजारात घोड्यांना लस दिली की माणसांचं संरक्षण होतं. ट्रिपल ईमध्ये घोड्याला लस दिली की घोडा वाचतो, तेवढंच. पक्ष्यांमधलं चक्र तसंच चालू राहतं. दलदलीतल्या हजारो रानपक्ष्यांना लस देणं तर शक्यच नाही.

माणसाला झालं तर काय होतं?

व्हायरस असलेला डास चावलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा साधा ताप, अंगदुखी होऊन ते बरे होतात. लागण झालेल्या शंभरांपैकी साधारण चार-पाच जणांमध्येच व्हायरस मेंदूपर्यंत पोचतो. 15 वर्षांखालची मुलं आणि 50 च्या पुढची माणसं यांना हा धोका जास्त असतो.

डास चावल्यानंतर 4 ते 10 दिवसांत आजार सुरू होतो. अचानक ताप, थंडी, जोरदार डोकेदुखी, उलट्या. मग वागण्यात बदल, गोंधळल्यासारखं बोलणं, प्रचंड झोप येणं, झटके आणि पुढे बेशुद्धी. मेंदूत आजार पोचलेल्यांपैकी सुमारे 30 टक्के रुग्ण दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं: हातापायांतली ताकद जाणं, फिट्स येत राहणं, बुद्धी आणि स्वभावात बदल. म्हणजे "वाचला" या शब्दाचा अर्थ इथे जपून घ्यावा लागतो. धडधाकट मूल आयसीयूतून घरी येतं, पण त्याला पुन्हा चमचा धरायला शिकवावं लागतं, असंही होऊ शकतं.

निदानासाठी रक्त आणि पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी तपासून त्यात या व्हायरसविरुद्धच्या अँटिबॉडीज शोधतात. एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या भागात सूज दिसू शकते. या व्हायरसला मारणारं औषध आज नाही. अँटिबायोटिक्सचा व्हायरसवर परिणाम होत नाही. झटके थांबवणं, मेंदूची सूज आणि श्वास सांभाळणं, गरज पडल्यास व्हेंटिलेटर, हेच उपचार.

मग "औषधच नाही, तर घाई करून हॉस्पिटलला नेऊन काय उपयोग?" असं कुणी म्हणेल. असा विचार अजिबात करू नका. तापासोबत गोंधळलेपण, गुंगी किंवा झटके हे इतर आजारांतही येतं आणि त्यातल्या काहींवर उत्तम औषधं आहेत. हर्पिसच्या मेंदूज्वरावर असायक्लोव्हिर आहे, बॅक्टेरियाच्या मेनिंजायटिसवर अँटिबायोटिक्स आहेत. ही औषधं वेळेत सुरू झाली तर जीव वाचतो. तुमच्या माणसाला यातलं नेमकं काय झालं आहे, हे घरी बसून कळणार नाही.

घोड्याला लस आहे, मग माणसाला का नाही?

हा प्रश्न ऐकणाऱ्याला बोचतो, आणि बोचायलाच हवा. घोड्यांची लस कित्येक दशकांपासून बाजारात आहे. माणसांसाठी मंजूर झालेली लस एकही नाही. या व्हायरसवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या लोकांसाठी अमेरिकेच्या लष्कराने तयार केलेली प्रायोगिक लस आहे, पण ती सर्वसामान्यांना मिळत नाही. "घोड्याचीच थोडी टोचून घेऊ" असा विचारही करू नका. ती माणसांसाठी तपासलेली नाही.

कारण विज्ञानात कमी आणि हिशेबात जास्त आहे. अमेरिकेत मेंदूपर्यंत पोचलेल्या ट्रिपल ईचे रुग्ण एरवी वर्षाला दहा-अकराच्या आसपास असतात. 2019 हे अलीकडच्या काळातलं सर्वांत वाईट वर्ष. तेव्हा देशभरात 38 रुग्ण झाले, त्यातले 12 एकट्या मॅसॅच्युसेट्समध्ये. आता विचार करा. लस काम करते हे सिद्ध करायचं, तर ती घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांत किती जण आजारी पडतात ते मोजावं लागतं. तेहतीस-चौतीस कोटींच्या देशात वर्षाला दहा रुग्ण, तेही पुढच्या वर्षी कुठल्या गावात होतील ते माहीत नाही. अशी चाचणी करायची कुठे आणि किती लाख लोकांवर? आणि तयार झालेली लस विकत घेणार कोण? घोड्याचं तसं नाही. किमती जनावर आहे, मालक दरवर्षी पैसे देतो, घोड्यांमधला धोकाही मोठा आहे. म्हणून घोड्याला लस मिळाली आणि माणूस फुल बाह्यांच्या शर्टवर राहिला.

आपल्याकडचं उदाहरण उलटं आहे

ट्रिपल ई भारतात नाही. पण आपल्याकडे त्याचा लांबचा नातेवाईक म्हणता येईल असा जपानी मेंदूज्वर आहे. तो व्हायरस वेगळ्या कुळातला, पण राहणीमान ओळखीचं: भातशेतीच्या पाण्यातले क्युलेक्स डास, बगळ्यांसारखे पाणपक्षी आणि डुकरं यांच्यात तो फिरतो. माणूस आणि घोडा दोघंही इथे 'डेड एंड'. महाराष्ट्रात पूर्व विदर्भातल्या वाचकांना हे नाव अनोळखी नाही.

फरक असा, की जपानी मेंदूज्वरावर माणसांसाठी लस आहे. 2005 मध्ये गोरखपूर आणि आसपासच्या भागात मोठी साथ आली, शेकडो मुलं गेली आणि 2006 पासून देशात या लसीची मोहीम सुरू झाली. आज प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत ती सरकारी लसीकरणात आहे: पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. भारतात बनलेली एक लस तर कर्नाटकातल्या कोलार इथे मिळालेल्या व्हायरसपासून तयार झाली आणि त्यासाठीचा व्हायरस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दिला होता. ही लस ट्रिपल ईपासून मात्र संरक्षण देत नाही. "आमच्या मुलाने मेंदूज्वराची लस घेतली आहे" म्हणून अमेरिकेत निर्धास्त राहू नका.

मग मैदान बंद करणं जास्त झालं का?

आता त्या वैतागलेल्या प्रश्नाकडे येऊ. धोका मोजताना दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या असतात: घडण्याची शक्यता किती, आणि घडलं तर नुकसान किती. ट्रिपल ईमध्ये शक्यता फारच कमी, नुकसान फारच मोठं आणि औषध शून्य. अशा वेळी तिसरी गोष्ट बघायची: टाळण्याची किंमत किती? संध्याकाळची मॅच दुपारी खेळवणं, काही आठवडे अंधार पडायच्या आत घरी येणं, ही किंमत मला तरी परवडणारी वाटते.

पण त्याला दुसरी बाजूही आहे. मुलांचे खेळ थांबले, लोकांचं फिरणं थांबलं, तर त्याचंही आरोग्यावर ओझं पडतं. फुप्फुसं, हृदय, मन या सगळ्यांना संध्याकाळची मोकळी हवा लागते. उगाच घाबरवून सोडलं, तर पुढच्या वेळी लोक इशारा ऐकत नाहीत. म्हणूनच चांगला निर्णय तो, जो ठरावीक जागेपुरता, ठरावीक तासांपुरता आणि ठरावीक मुदतीपुरता असतो. प्लिमथने आणि त्या चार गावांनी तेच केलं. दिवसा सगळं चालू ठेवलं, डास जोरात असतात तेवढा वेळ टाळायला सांगितला आणि शेवटची तारीख थंडीवर सोडली, कारण कडक थंडी पडली की मोठे डास मरतात आणि धोका ओसरतो. हा निर्णय घाबरून घेतलेला नव्हता, मोजून घेतलेला होता.

फवारणीचंही असंच. 2024 मध्ये प्लिमथ परगण्यात रात्री विमानातून आणि वुस्टर परगण्यातल्या काही भागात ट्रकमधून फवारणी झाली. तिने उडते डास काही काळ कमी होतात. पण झाडांच्या मुळांखालच्या अळ्यांपर्यंत ती पोचत नाही आणि काही दिवसांत नवे डास तयार होतात. मधमाश्या आणि पाण्यातल्या जीवांचाही विचार करावा लागतो. म्हणून "सरकारने फवारलंय, आता काळजी नाही" हे खरं नाही. तुमच्या हातावर डास बसू न देणं हे काम तुमचंच राहतं.

मॅसॅच्युसेट्सच्या नोंदी सांगतात, की हा आजार लाटांनी येतो. 1938-39, 1955-56, 1972-74, 1982-84, 1990-92, 2004-06, 2010-12, 2019-20. लाट आली की दोन-तीन वर्षं राहते, मग बरीच वर्षं शांतता. पाऊस, भूजल, सौम्य हिवाळे, पक्ष्यांमधली प्रतिकारशक्ती अशी अनेक कारणं एकत्र येतात. दरम्यान दलदलींच्या कडेपर्यंत घरं गेली आहेत. शांत वर्षांत लोक विसरतात, घोड्यांची लस चुकते, डासांच्या तपासणीचा खर्च नकोसा वाटतो. खरा धोका या विसरण्यात आहे.

तुम्ही किंवा तुमचं कुणी तिकडे असेल तर

आपल्याकडून बरेच आई-वडील उन्हाळ्यात चार-सहा महिने मुलांकडे जातात. दिवसा कुणी घरी नसतं, म्हणून संध्याकाळी अंगणात किंवा तळ्याकाठी फेरी मारतात. वय 50 च्या पुढचं, वेळ डासांची आणि महिना ऑगस्ट-सप्टेंबर. म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- राज्याच्या आरोग्य खात्याच्या वेबसाइटवर आपल्या गावाची धोक्याची पातळी बघा. पातळी जास्त असेल तर फिरायला सकाळी उजाडल्यावर जा, संध्याकाळी नको.
- फुल बाह्या, पूर्ण पँट आणि मोजे घाला. सलवार-कुर्ता उत्तम, पण पाऊल उघडं ठेवू नका.
- डीट किंवा पिकारिडिन असलेलं डास पळवणारं औषध उघड्या त्वचेवर लावा. दोन महिन्यांखालच्या बाळाला ते लावू नका, त्याच्या बाबागाडीला जाळी लावा. लेमन युकॅलिप्टस तेलाची उत्पादनं तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका.
- पर्मेथ्रिन हे औषध फक्त कपड्यांवर मारायचं असतं, त्वचेवर नाही.
- खिडक्यांच्या जाळ्या फाटलेल्या असतील तर दुरुस्त करून घ्या. अंगणातल्या बादल्या, कुंड्या, पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं आठवड्यातून एकदा तरी रिकामं करा.
- घोडा पाळत असाल किंवा नातवंडं घोडेस्वारी शिकत असतील, तर तबेल्यात लसीकरणाची चौकशी जरूर करा. आजारी घोड्याची माहिती पशुवैद्यकाला लगेच द्या. ती लपवली, तर सगळ्या गावाची खबर लपते.
- ताप, जोरदार डोकेदुखी यांच्यासोबत गोंधळलेपण, गुंगी, मान आखडणं किंवा झटका आला, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीला जा.
- परत आल्यावर दोन आठवड्यांच्या आत असा त्रास झाला, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आपणहून सांगा. इथे पहिला विचार डेंग्यू-मलेरियाचा होईल आणि तो योग्यच आहे, पण बाकीचं त्यांना तुमच्याकडूनच कळेल.

घाबरून तिकीट रद्द करण्यासारखा हा आजार नाही. लाखो लोक त्या भागात राहतात आणि त्यांना तो कधीच होत नाही. पण ज्याला होतो, त्याच्यासाठी डॉक्टरच्या हातात फार थोडं उरतं. म्हणून जे करायचं ते डास चावायच्या आधी. गावातल्या घोड्याने खबर दिली असेल, तर ती ऐका आणि अंधार पडायच्या आत घरात या.